तळ्यात पडलेला ठिपका

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या नकाशा कार्यालयाचे प्रमुख साहेब, मुख्यालयातून एवढ्या लांब आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, निवृत्त झालेल्या आणि अजून सुटका न झालेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, दारापाशी उभे असलेले शिपाईदादा, आणि शेवटच्या रांगेत बसलेले माझे दोन खास पाहुणे, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

आत्ताच माझ्याविषयी चार भाषणं झाली. त्यांत मी मनमिळाऊ असल्याचं तीनदा सांगण्यात आलं. छत्तीस वर्षं ज्यांच्याशी मी रोज भांडले, त्यांनी हे सांगावं, याला मोठं मन लागतं. मी आभारी आहे. पुष्पगुच्छ सुंदर आहे. भेट म्हणून मिळालेलं पेनही सुंदर आहे. त्याच्याकडे मी पुन्हा वळणार आहे, म्हणून डबी हाताशी ठेवली आहे.

माझं भाषण पाचच मिनिटांचं असावं, अशी सूचना सूत्रसंचालकांनी चिठ्ठीवर दिली आहे. ती मला मिळाली. आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मला सहाच्या आत संपवायचं आहे, आणि त्यामागचं कारण चहा गार होईल हे नाही. कारण येईलच बोलण्यात.

या कार्यालयात मी लागले तेव्हा इथे संगणक नव्हते. उतरतं टेबल, शाई, पंख्याने उडू नये म्हणून कागदावर ठेवलेले दगड, आणि आमचे मास्तर. ते खरे शिक्षक नव्हते, ते मुख्य आरेखक होते, पण त्यांना सगळे मास्तरच म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे पाच नकाशे टाकले आणि विचारलं, "यातली माणसं कशी राहतात ते सांग." मी म्हटलं, "यात माणसं कुठे आहेत, नुसते चौकोन तर आहेत." ते म्हणाले, "मग घरी जा आणि उद्या डोळे घेऊन ये."

तेव्हा मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी मी डोळे घेऊन गेले. हळूहळू दिसायला लागलं. जिथे पाणी एकाच विहिरीला, तिथे घरं विहिरीला खेटून बसलेली, एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत. जिथे मोठा रस्ता गेला, तिथे घरं त्याच्या दोन्ही कडांनी रांग लावून उभी, पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर. डोंगरउतारावर ज्याचं शेत त्याचं घर, शेजाऱ्याला हाक मारायची तर छातीत दम हवा. चार रस्ते मिळतात तिथे गाव चारी दिशांना हातपाय पसरतं. आणि शहरात? शहरात चौकटी. शहराच्या कडेला, चौकटीत ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांच्या घरांची दाटी. मास्तर म्हणायचे, "घरं कशी उभी आहेत बघ, म्हणजे माणसांना काय लागतं ते कळेल." हे वाक्य आपल्या कार्यालयाच्या जिन्यात लावायला हवं होतं. तिथे 'कृपया शांतता राखा' लावलंय.

प्रत्येक वस्तीला नकाशावर एकच ठिपका मिळतो. गावाचं नाव त्या ठिपक्याला चिकटतं, आणि नावाबरोबर बाकी सगळं. शाळेची गाडी कुठे थांबणार, रुग्णवाहिका कुठे जाणार, दवाखाना कुणाला मिळणार, सगळं त्या ठिपक्यावरून ठरतं. तो कुठे द्यायचा याची मास्तरांची एक पद्धत होती. आम्ही तिला 'तीन बोटं' म्हणायचो. वस्तीच्या तीन बाजूंना जायचं, तीन वेगवेगळ्या माणसांना विचारायचं, "गाव कुठे आहे हो?" आणि त्यांचं बोट जिकडे जाईल तिकडे रेघ मारायची. तीन रेघा जिथे जवळ येतील, तिथे ठिपका. कधी तो पिठाच्या गिरणीवर पडायचा, कधी न्हाव्याच्या दुकानावर. पण माणसांत पडायचा! आमचे साखळीवाले काका, तिसऱ्या रांगेत बसलेत, मोजणीची साखळी ओढून यांचे खांदे उतरले. काका, ठिपका कधी पाण्यात पडला होता का हो? बघा, काका मान हलवतायत. नाही म्हणतायत.

आता हे मी निवृत्तीच्या दिवशी का उगाळते आहे? साहेब, आपल्याला ठाऊक आहे मी का उगाळते आहे. ठिपका पाण्यात म्हणताच आपण समोरचा पाण्याचा ग्लास झाकून ठेवलात, त्यावरून समजलं. पण सभागृहाला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

एक तळं आहे. मोठं आहे, या काठावरून त्या काठावर सहाशेच्या वर पावलं. त्याच्या एका बाजूला सरळ बांध. दुसऱ्या बाजूने, काठाकाठाने, अर्धचंद्रासारखी एक वस्ती. बेचाळीस घरं. मासे धरणारे, विटा पाडणारे, गवंडीकाम करणारे. पाणी सगळ्यांना सारखंच जवळ हवं म्हणून कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही, अशी वळत गेलेली वस्ती. मी छत्तीस वर्षांत इतकी समजूतदार रचना दुसरी पाहिली नाही.

सहा वर्षांपूर्वी आपण सगळे नकाशे संगणकावर चढवले. तीन बोटांना सुट्टी मिळाली. संगणकाने काय करायचं, तर सगळ्या घरांच्या जागा घ्यायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा. गोळा झालेल्या गावाचा मध्य गावात पडतो. रांगेतल्या गावाचा मध्य रस्त्यावर पडतो, तेही चालेल. पण अर्धचंद्राचा मध्य कुठे पडेल? शाळेतलं पोर सांगेल. पोकळीत पडेल. तळ्यात पडेल. आणि तळ्यातच पडला.

गेल्या वर्षीची गोष्ट. या वस्तीतला एक गवंडी स्वतःच्याच घराचा माळा चढवताना परांचीवरून खाली आला. दुसऱ्यांच्या इमारती बांधताना पंचवीस वर्षं जो कधी घसरला नाही, तो स्वतःच्या दारात पडला. खुबा मोडला. भर दुपारची वेळ. बायकोने रुग्णवाहिकेला फोन केला, वस्तीचं नाव सांगितलं, त्यांनी नाव यंत्रात घातलं, आणि गाडी निघाली ठिपक्याकडे. ठिपक्याला सगळ्यात जवळचा रस्ता कोणता? बांधाचा. चालक बांधावर येऊन थांबला. समोर पाणी. त्याने फोन केला, "बाई, वस्ती कुठे आहे? इथे तर तळं आहे." ही पलीकडच्या काठावरून ओरडतेय, "आम्ही दिसतोय बघा, समोर बघा!" तिने चादर हलवली. पांढरी चादर. तो चालक नंतर म्हणाला की त्याला चादर दिसली होती, पण कुणीतरी वाळत घालतंय असं वाटलं.

त्याची चूक नाही. बांधाच्या मध्यावर सांडवा आहे, गाडी पार होत नाही. मागे फिरून, फाट्यावर येऊन, लांबचा रस्ता धरून तो पोहोचला तेव्हा एक तास चाळीस मिनिटं झाली होती. तोवर शेजाऱ्यांनी त्या माणसाला बिजागरीतून काढलेल्या दारावर घालून उचललं होतं, दोनदा उचललं, दोनदा खाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, असं हलवायला नको होतं. कबूल. पण मग काय करायला हवं होतं, ते त्या दोघांना कुणी सांगितलेलं नाही.

शेवटच्या रांगेत काठी घेऊन बसले आहेत, ते हेच गवंडीदादा. परांचीवर ते आता चढू शकत नाहीत. बाजूला बसल्या आहेत त्या वहिनी. उठू नका दादा, बसा. टाळ्याही नकोत. कृपा करून टाळ्या वाजवू नका.

वहिनींनी तक्रार केली. आपल्या कार्यालयाने तातडीने, म्हणजे सात महिन्यांनी, पाहणी अधिकारी पाठवले. ते आज सभागृहात आहेत की नाही मला दिसत नाही. असतील तर त्यांनी तोंड लपवू नये, कारण मी त्यांच्यापेक्षा मोठ्या गुन्हेगाराचंही नाव घेणार आहे. तर हे साहेब वस्तीत गेले. वहिनींच्या पडवीत बसले. ऊन होतं, वहिनींनी पाणी दिलं. एक ग्लास. मग आणखी एक ग्लास. मग हातातलं यंत्र बघत ते उठले आणि ठिपका शोधत चालू लागले. यंत्र म्हणालं पुढे. ते पुढे गेले. यंत्र म्हणालं आणखी पुढे. त्यांच्या बुटाला पाणी लागलं. यंत्र म्हणालं आणखी पुढे. नियम असा आहे की ठिपक्यापासून दोनशे पावलांत घरं नसतील, तर वस्ती नाही. तेव्हा तिथेच, पाण्याकडे तोंड आणि बेचाळीस घरांकडे पाठ करून, त्यांनी अहवाल लिहिला. तो मी वाचून दाखवते. 'प्रत्यक्ष पाहणीत सदर ठिकाणी वस्ती आढळून आली नाही. नाव यादीतून कमी करण्यास हरकत नाही.'

हरकत नाही! अहो, मग पाणी कुणाच्या घरचं प्यायलात? दोन ग्लास पाणी तळ्याने आणून दिलं का हातात?

हसू नका. मीसुद्धा पहिल्यांदा हसले होते. मग वहिनी आमच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आम्ही गाडी चुकली म्हणून सांगायला आलो होतो. तुम्ही तर आम्हालाच पुसून टाकलं." तेव्हा माझं हसू गेलं, ते अजून आलेलं नाही.

साखळीवाल्या काकांना घेऊन मी तिथे गेले. काका निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, गुडघे दुखतात, पण आले. आम्ही तीन बोटं केली. विटांच्या भट्टीपाशी एकाला विचारलं, जाळी विणणाऱ्या एका आजीला विचारलं, फाट्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला विचारलं. तिन्ही बोटं एकाच जागी गेली. अर्धचंद्राच्या पोटात एक ओटा आहे, तिथे सगळे संध्याकाळी मासे वाटून घेतात. गाव तिथे आहे. एका दुपारचं काम! मी दुरुस्तीचा अर्ज भरला, नकाशा जोडला, माझी सही केली. दुसरी सही कार्यालय प्रमुखांची लागते. अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला त्याला आज अकरा दिवस झाले. आणि नवी यादी आज संध्याकाळी सहा वाजता बंद होते. ती दहा वर्षं उघडत नाही. त्या यादीत असेल त्याला दवाखाना, त्याला गाडी, त्याला शाळा. नसेल तो दहा वर्षं पाण्यात.

साहेब, घड्याळ बघू नका, मी बघते आहे. पाच सव्वीस.

साहेबांना मी परवा विचारलं. त्यांनी फार सौम्यपणे समजावलं. त्यांचा आवाज नेहमीच सौम्य असतो, तो त्यांचा गुण मी मान्य करते. ते म्हणाले, "बाई, एक दुरुस्त केली तर अशा वळलेल्या सगळ्याच वस्त्या दुरुस्त कराव्या लागतील. मग मुख्यालय विचारेल, सहा वर्षं तुम्ही काय करत होतात?" प्रमुख पाहुणे, आपण मुख्यालयातून आला आहात. विचारा. आम्ही सहा वर्षं काय करत होतो, ते जरूर विचारा. कुणीतरी विचारायलाच हवं.

आता एक छोटी गंमत सांगते. साहेबांची वसाहत शहरातली सगळ्यात देखणी. मध्ये भलीमोठी बाग, बागेत कारंजं, आणि गोलाकार चाळीस बंगले. मी गेल्या रविवारी तिथे फिरायला गेले होते. साहेब, आपण मला हात केलात, आठवतंय? मी फिरत नव्हते, पावलं मोजत होते. आपल्या चाळीस बंगल्यांचा मध्य मी त्याच संगणकावर, त्याच नियमाने काढला. तो कारंज्यात पडतो. कारंज्यापासून सगळ्यात जवळचा बंगला दोनशे वीस पावलांवर आहे. नियमाप्रमाणे, सदर ठिकाणी वस्ती आढळून येत नाही! मग तिथे कचऱ्याची गाडी रोज सकाळी कुणाकडे येते? कारंज्याकडे? तुमच्या वसाहतीतल्या कुणाला चक्कर आली, तर रुग्णवाहिका कारंज्यात जाऊन उभी राहते का? नाही राहत. कारण तुमचं घर कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ठिपका चुकला तरी तुमचं काही अडत नाही. ज्यांचं सगळं त्या ठिपक्यावर अडलंय, त्यांचाच ठिपका आपण पाण्यात टाकला, आणि वर त्यांनाच विचारतोय की तुम्ही राहता याला पुरावा काय.

मोठ्या गुन्हेगाराचं नाव घेते म्हणाले होते. घेते. माझं. नकाशे संगणकावर चढत होते तेव्हा प्रशिक्षण मी दिलं. तेव्हा नवीन लागलेली आमची चष्मिस, पहिल्या रांगेत खाली मान घालून बसली आहे ती, माझ्या टेबलाशी आली होती. म्हणाली, "बाई, हे गाव वाकडं आहे. ठिपका पाण्यात पडतोय." त्या दिवशी काम पुरं करायची शेवटची तारीख होती. वेळेत संपवलं तर कार्यालयाला प्रशस्तिपत्र मिळणार होतं. मी वरसुद्धा पाहिलं नाही. मी म्हटलं, "पडू दे. पुढे जा."

पडू दे. पुढे जा. मास्तरांच्या हाताखाली अठरा वर्षं काढलेल्या बाईने हे म्हटलं. ते प्रशस्तिपत्र मिळालं. माझ्या खोलीत भिंतीवर होतं. आज सकाळी मी ते उतरवून उलटं करून कपाटात ठेवलं आहे. चष्मिस, मान वर कर ग. तुझी चूक नव्हती. तुला दिसलं होतं, आणि दिसलं ते तू सांगितलंस. कार्यालयात याहून जास्त कुणी काही करायचं नसतं. बाकीचं आमच्यासारख्या मोठ्यांनी करायचं असतं.

साहेब, आता मी भेटीकडे वळते. पेन उघडून बघते. शाई आहे. चांगली उतरते. मला उद्यापासून सही करायला काही उरलेलं नाही, तेव्हा हे पेन मी आपल्याला देते. आणि हा अर्ज. आपल्या टेबलावरून मी आज दुपारी न विचारता उचलून आणला, त्याबद्दल जी काय चौकशी लावायची ती अजून लावता येईल. सहापर्यंत मी नोकरीत आहे.

काय म्हणालात साहेब? माईकवर नाही ऐकू आलं. 'उद्या बघू'? उद्या मी नाही, आणि उद्या यादीही नाही. प्रमुख पाहुणे, आपण जरा सरकता का, साहेबांना कोपर टेकायला जागा द्या. धन्यवाद.

बघा, साहेबांनी पेन घेतलं. लिहितायत. मी म्हटलंच होतं, साहेबांचं मन वाईट नाही, फक्त त्यांना सहाच्या आत गाठावं लागतं. द्या इकडे.

साहेब, हे काय? आपण 'पाहिले' लिहून सही केलीत. सभागृहातल्या ज्यांनी कार्यालयात नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, 'पाहिले' म्हणजे कागद डोळ्यांखालून गेला, पुढे काही करण्याचं बंधन नाही. पाहिलं तर पाहणी अधिकाऱ्यांनीही होतं! दोन ग्लास पाणी पिऊन पाहिलं होतं! तो चालक बांधावरून चादर पाहत उभा होता! त्या बेचाळीस घरांना सगळ्यांनी पाहिलंय, साहेब. पाहून झालंय. त्याच्याखाली दुसरी ओळ रिकामी आहे. तिथे 'मंजूर' लिहा. मी थांबते. मला घाई नाही. पाच चौतीस झाले आहेत, सव्वीस मिनिटं मी इथे नुसती उभी राहू शकते. छत्तीस वर्षं टेबलाशी उभ्यानेच काम केलंय.

बघा, प्रमुख पाहुण्यांनीही कागदावर नजर टाकली.

लिहिलं. 'मंजूर'. सही. तारीखही घाला साहेब, तारखेवाचून कागद परत येतो, हे आपणच आम्हाला शिकवलंत. झालं. मनापासून आभार. खरंच मनापासून.

चष्मिस, ऊठ. हा घे. जिन्याने जा, लिफ्ट मधेच अडकते. ठिपका तू स्वतः हलव, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. आणि ही माझ्या ड्रॉवरची किल्ली. अशा वळलेल्या आणखी सोळा वस्त्या आहेत. नावं त्यांची यादीत अजून आहेत, ठिपके मात्र कुणाचे पाण्यात, कुणाचे दरीत; ते यादी बंद झाल्यावरही हलवता येतात. त्यांचे अर्ज भरून ठेवलेत, तीन बोटं मात्र राहिली आहेत. काकांचे गुडघे आहेत तोवर काकांना ने, नंतर मला बोलाव. मी घरी रिकामीच असेन. जा, पळ.

तेवढ्यात आभार मानून घेते. या कार्यालयाने मला भाकरी दिली, मैत्रिणी दिल्या, भांडायला माणसं दिली. मास्तर असते तर आज मला पुन्हा घरी पाठवलं असतं, डोळे घेऊन ये म्हणून, आणि ते बरोबरच झालं असतं. संयोजकांनी सभागृह सजवलं, शिपाईदादांनी खुर्च्या मांडल्या, साहेबांनी आपल्याच अध्यक्षतेखाली हे सगळं ऐकून घेतलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पाच मिनिटांचं भाषण कुठच्या कुठे गेलं. निरोपाच्या दिवशी गोड बोलायचं असतं, ते मला जमलं नाही. तोंडून काही कमी-जास्त गेलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं, ही विनंती.

चष्मिस दारात आली आहे. अंगठा दाखवतेय. पाच सत्तेचाळीस. वहिनी, दादा, ठिपका ओट्यावर आला.

सभागृहाची क्षमा मी मागितली. तुमची मागत नाही. 'पडू दे, पुढे जा' हे मी म्हटलं होतं, आणि दादांच्या हातात काठी आली. एका सहीने ते फिटत नाही. तेव्हा वहिनी, मला इतक्यात माफ करू नका. आधी गाडी तुमच्या दारात येऊ दे.

नमस्कार.